पंच नंबर एक

रंभाजी सदाफुले जामखेडच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका वस्तीवरची अडलेली गाय मोकळी करून ते लुनावरून परत येत होते. अंग घामानं चिंब झालेलं, डोक्यात फक्त अंघोळ. गावाच्या अलीकडं, ढाब्यापाशी पोलिसांची जीप उभी होती. हवालदारानं हात करून त्यांना थांबवलं.

"डॉक्टर, बरं झालं भेटलात. पंच पाहिजे. सरकारी माणूस असला की बरं पडतं."

"अहो, माझी अवस्था बघा. दुसरं कुणी नाही का?"

"शेजारचा पंक्चरवाला घेतलाय. अजून एक लागतो. चला."

ढाब्याच्या मागं पत्र्याची शेड होती. तिथं एक टेम्पो मागं लावलेला होता, आणि भिंतीला घरगुती गॅसच्या लाल टाक्या ओळीनं उभ्या होत्या. तहसीलमधले पुरवठा निरीक्षक त्यांच्यावरचे नंबर वाचून दाखवत होते आणि कारकून लिहून घेत होता. टेम्पोपाशी मच्छिंद्र उभा होता, गॅस एजन्सीचा टाक्या पोचवणारा माणूस. त्याच्या खांद्यावर एक भरलेली टाकी तशीच होती. धाड पडली तेव्हा तो ती उतरवत होता, आणि मग कुणी त्याला खाली ठेव म्हणालंच नव्हतं.

"ठेव की रे खाली," रंभाजी म्हणाले.

मच्छिंद्रनं त्यांच्याकडं पाहिलं आणि टाकी हळूच जमिनीवर टेकवली. तो सदाफुल्यांच्या घरीही टाकी आणायचा. चहा घेतल्याशिवाय रंभाजींच्या पत्नी सुमनबाई त्याला जाऊ देत नसत.

"कुणाच्या सांगण्यावरून आणल्या?" निरीक्षकांनी विचारलं.

"मालकांनी पाठवल्या. म्या काय माज्या मनानं आनतो व्हय, सायेब?"

ते वाक्य कारकुनानं तसंच लिहून घेतलं. पंचनामा वाचून दाखवला गेला. पंच नंबर एक म्हणून रंभाजींनी सही केली, खाली पंक्चरवाल्यानं केली. मच्छिंद्रला जीपमध्ये बसवलं.

घरी येताना रंभाजींना खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. त्या काळात गॅसचं नवीन कनेक्शन मिळायला वर्षानुवर्षं लागायची. ज्यांच्याकडं होतं त्यांनाही नंबर लावून महिना महिना वाट बघावी लागे. एजन्सीच्या खिडकीवर एकच उत्तर मिळायचं, गाडी आली नाही. आणि गाडी कुठं जाते ते गावात सगळ्यांना माहीत होतं. ढाबे, लग्नाचे आचारी, मिठाईवाले. सरकारनं भाव बांधून दिलेली टाकी मागच्या दारानं दुप्पट भावानं जायची. कुणीतरी कधीतरी धरलं जायलाच पाहिजे होतं.

"मच्छिंद्रला पण धरला?" सुमनबाईंनी विचारलं.

"त्याचं काय, सुटेल तो. हमाल माणूस. यात मालक अडकतोय."

सुमनबाईंनी ताट वाढलं.

एजन्सीचे मालक मोहोळकर शेठ अडकले, पण जामिनावर लगेच बाहेर आले. मच्छिंद्रचाही जामीन त्यांनीच करून दिला, वकीलही त्यांनीच दिला, आणि त्याला कामावरही ठेवलं. ढाबेवाला मात्र धंदा विकून जो परागंदा झाला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. खटला उरला दोघांवर. आरोपी एक मच्छिंद्र, आरोपी दोन मोहोळकर. जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली, नगरच्या कोर्टात.

सदाफुल्यांच्या घरी त्यानंतर टाकी आली नाही.

आधी त्यांना वाटलं, नेहमीसारखा उशीर असेल. मग दोन महिने गेले. सुमनबाईंनी माळ्यावरचा स्टो काढला, रेशनचं रॉकेल आणलं. स्टोला पंप मारायचा, पिन घालायची, भडकला की फडकं घेऊन धावायचं. भाकरीला रॉकेलचा वास लागायचा. रंभाजी एजन्सीत गेले तर मोहोळकर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"या, सदाफुले साहेब. तुमचा नंबर लागलेलाच आहे. गाडी आली की पहिली टाकी तुमची."

बाहेर ओट्यावर भरलेल्या टाक्या उभ्या होत्या. रंभाजींनी त्यांच्याकडं बोट केलं.

"त्या होय? त्या बुक झालेल्या आहेत," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर रंभाजींना भांडता तरी आलं असतं. त्यांनी तहसीलात तक्रार दिली. ज्यांनी धाड घातली होती त्या निरीक्षकांची बदली अकोल्याला झाली होती. नवीन साहेबांनी अर्ज ठेवून घेतला.

मग समन्स यायला लागले. साक्षीची तारीख असली की रंभाजी पहाटेची नगर गाडी धरायचे. आष्टी, कडा करत गाडी नगरला पोचायची तोवर कंबर धरलेली असायची. कोर्टात जाऊन बसायचं. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी शेठच्या वकिलाकडं सुतक, कधी वकिलांचाच संप. एकदा पुकारा झाला, रंभाजी उठून आत गेले, आणि तेव्हा कळलं की जप्त मुद्देमालाचे कागद जामखेडलाच राहिलेत. पुढची तारीख. दवाखान्यात रजा मांडायची, साक्षीभत्त्याच्या खिडकीवर उभं राहायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत.

त्याच पहाटेच्या गाडीत मच्छिंद्रही असायचा. जायचं एकाच कोर्टात, गाडी एकच. सुरुवातीला दोघं एकमेकांना दिसले नाहीत असं करायचे. रंभाजी पुढं बसायचे, मच्छिंद्र मागं. पण कड्याला गाडी थांबते तिथं चहाचं एकच हॉटेल होतं आणि त्यात एकच बाकडं रिकामं असायचं. मग दोघं त्याच बाकड्यावर बसून चहा प्यायला लागले, बोलत मात्र नसत. एका हिवाळ्यात मच्छिंद्र फार खोकत होता. रंभाजींनी पोऱ्याला आलं टाकून चहा आणायला सांगितलं, दोन कप. मच्छिंद्र प्यायला आणि म्हणाला, "गाडी हालली, डॉक्टर."

मध्ये सदाफुल्यांच्या मुलीचं, आश्विनीचं लग्न ठरलं. मुलगा देवळाली प्रवऱ्याचा, साखर कारखान्यात फिटर. लग्नाआधी थोडे दिवस मोहोळकर स्वतः दवाखान्यात आले. त्यांच्याकडं जनावर नव्हतं.

"पोरीचं लग्न काढलंय म्हणे. अभिनंदन," ते स्टुलावर बसत म्हणाले. "देवळालीकडच्या एजन्सीत आपली चांगली ओळख आहे. जावयाच्या नावानं नवीन कनेक्शन करून देतो. शेगडीसकट. लग्न लागायच्या आत."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही काहीच करायचं नाही. इतकी वर्षं झाली. इतक्या वर्षांनी माणसाला काय काय आठवणार?"

रंभाजी लसीच्या बाटल्या लावत होते. त्यांनी त्या लावणं थांबवलं नाही. "मला आठवतंय, शेठ," ते म्हणाले.

"बघा विचार करून." मोहोळकर उठले आणि जाताना दाराशी बांधलेल्या वासराच्या पाठीवरून हात फिरवून गेले.

ही गोष्ट रंभाजींनी घरी लगेच सांगितली नाही. लग्न होऊन मुलगी सासरी गेली, पाहुणे पांगले, मग एका संध्याकाळी सांगितली. सुमनबाई स्टोला पंप मारत होत्या. त्यांचा हात थांबला.

"आश्विनीच्या घरी काय आहे, तुम्ही बघितलं का?"

"काय?"

"चूल आहे. उसाच्या पाचटावर पेटवतात. धुरानं भिंत काळी झालीय." एवढं बोलून त्या पुन्हा पंप मारायला लागल्या. रंभाजी उठून अंगणात जाऊन उभे राहिले. बायको चिडली असती, रडली असती, तरी त्यांना सोपं गेलं असतं.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात पुन्हा समन्स आलं, आणि या वेळी साक्ष होणार असं सगळेच म्हणत होते. पंक्चरवाल्याची आदल्या तारखेलाच झाली होती. त्यानं सरळ सांगितलं होतं, सही माझी, पण कोऱ्या कागदावर घेतली, मी काही पाहिलं नाही. कोर्टाच्या भाषेत तो फितूर झाला. आता उरले होते पंच नंबर एक.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मच्छिंद्रची बायको लंकाबाई घरी आली. दाराशीच बसली. सुमनबाईंनी आत ये म्हटलं तरी उठली नाही.

"डॉक्टर, तुमी बगितलं न्हाई म्हना. पंक्चरवाल्यानं म्हटलंच हाय. वकील म्हनतो, तुमी तसं म्हटलं की समदे सुटत्यात."

"समदे म्हणजे शेठही सुटतात, लंकाबाई."

"सुटू द्या की. त्यो सुटला म्हनून माजं काय जातं?"

"असं करा," रंभाजी म्हणाले. "मच्छिंद्रला सांगा, कोर्टात खरं बोल म्हणावं. मला मालकानं पाठवलं, दर वेळी तोच पाठवायचा, असं बोल. मी त्याच्या बाजूनं उभा राहतो."

लंकाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "खरं बोललं तर काम जातं. गप बसलं तर मानूस आत जातो. शेठ म्हनला, तू गप ऱ्हा, काय झालंच तर घर मी बगतो. त्याच्यावर इश्वास ठेवू का तुमच्यावर? तुमी तर आमचं घर बगनार न्हाई."

सुमनबाईंनी चहा आणला. लंकाबाईनं तो घेतला, बशीत ओतून सावकाश प्यायली आणि कप स्वतः विसळून ठेवला. ती गेल्यावर रंभाजींनी बायकोकडं पाहिलं.

"मला विचारू नका," सुमनबाई म्हणाल्या. "मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही. मला हे सगळं संपायला पाहिजे, एवढंच कळतं."

नगरच्या कोर्टात सरकारी वकील होते नृसिंह धर्माधिकारी. निवृत्तीला आलेले, काखेत फायलींचा गठ्ठा, काळा कोट खांद्यावर विटून तपकिरी झालेला. साक्षीच्या आधी त्यांनी रंभाजींना व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"सदाफुले, तुम्ही सरळ माणूस दिसता, म्हणून सांगतो. नंतर म्हणू नका की सांगितलं नाही. तुमच्या साक्षीनं टाक्या सिद्ध होतील, टेम्पो सिद्ध होईल, मच्छिंद्र सिद्ध होईल. मालक होईल असं मला वाटत नाही."

"पण मालकानं पाठवल्या म्हणून तो सगळ्यांसमोर बोलला. मी ऐकलंय. पंचनाम्यात आहे."

"एका आरोपीचं बोलणं दुसऱ्या आरोपीच्या गळ्यात असं घालता येत नाही. त्याला जोड पाहिजे. जोड नाही. शेठ म्हणतो, हमालानं टाक्या परस्पर लांबवल्या, मला पत्ता नाही. मच्छिंद्र स्वतः उभा राहून बोलला असता तर काही करता आलं असतं. मी त्याला एकदा सुचवून पाहिलं. त्याचा वकील शेठनं दिलेला आहे. कसा बोलेल?"

"मग मी तरी कशासाठी बोलू?"

धर्माधिकारींनी चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसला. "बोलू नका असं मी म्हणू शकत नाही, आणि बोलल्यानं न्याय होईल असंही म्हणू शकत नाही. शपथ घ्यायची आणि पाहिलं ते सांगायचं. पुढचं आपल्या हातात नसतं. मी इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलोय. कधी पटतं, कधी नाही पटत."

पुकारा झाला.

रंभाजी पिंजऱ्यात उभे राहिले. समोर मच्छिंद्र इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. कुणीतरी त्याला तो दिलेला असावा, खांद्यांवरून उतरत होता. त्याच्या शेजारी मोहोळकर हात जोडून उभे. शपथ झाली. धर्माधिकारींनी विचारलं तसं रंभाजी सांगत गेले. शेड, टेम्पो, लाल टाक्या, खांद्यावरची टाकी. "तेव्हा मच्छिंद्र म्हणाला की मालकांनी पाठवल्या," असं ते म्हणाले तेव्हा शेठच्या वकिलानं लगेच हरकत घेतली. जज्जसाहेबांनी काहीतरी लिहिलं. मग उलटतपास.

"मोहोळकर त्या वेळी ढाब्यावर होते का?"

"नाही."

"त्यांनी टाक्या टेम्पोत भरायला सांगितल्या, हे तुम्ही पाहिलं?"

"नाही."

"एजन्सीतून तुम्हाला वेळेवर गॅस मिळत नाही, म्हणून तुमचा त्यांच्यावर राग आहे. खरं ना?"

"राग आहे," रंभाजी म्हणाले, "पण तो नंतरचा आहे. सही आधीची आहे."

वकील हसले आणि खाली बसले. त्यांना पाहिजे ते मिळालं होतं.

सगळ्या साक्षी संपल्यावर जज्जसाहेबांनी आरोपींना विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. मच्छिंद्रचं नाव आलं तेव्हा रंभाजी मागच्या बाकावर पुढं सरकून बसले. मच्छिंद्रनं तोंड उघडलं. त्यानं आधी वकिलाकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"मला काय सांगायचं न्हाई, सायेब."

निकालाच्या दिवशी पंचाची गरज नव्हती, पण रंभाजी रजा टाकून गेले. आरोपी दोन, पुराव्याअभावी निर्दोष. आरोपी एक, दोषी, तीन महिने सक्तमजुरी. कायद्यात त्याहून कमी देता येत होतं, पण त्याला खास कारण लागतं आणि ते कुणी मांडलंच नाही. शेठचा वकील तोवर दुसऱ्या कोर्टात गेला होता. लंकाबाई दाराबाहेर उकिडवी बसली होती. आत काय झालं ते तिला शिपायानं सांगितलं.

जिन्यावर मोहोळकरांनी रंभाजींचा हात हातात घेतला. "तुम्ही तुमचं काम केलंत. आपल्या मनात काही नाही हं." रंभाजींना हात सोडवून घ्यायचं सुचलं नाही. नंतर गाडीत बसल्यावर सुचलं.

पुढच्याच आठवड्यात सदाफुल्यांच्या दारात टाकी आली. नवीन माणूस होता, पोरसवदा, सायकलला टाकी लटकावून आलेला.

"घेऊ का?" सुमनबाईंनी आत येऊन विचारलं.

"नंबर आपलाच होता," रंभाजी म्हणाले. "घे."

त्या दिवशी भाकरी गॅसवर झाल्या. रॉकेलचा वास नव्हता. दोघं जेवले.

सुमनबाई एकदा ज्वारीची पिशवी घेऊन लंकाबाईकडं जाऊन आल्या. "घेतली," त्या परत येऊन म्हणाल्या. "बस म्हणाली नाही." शेठनं पहिल्या महिन्यात धान्य पाठवलं होतं, नंतर नाही, असं शेजारणीकडून कळलं. रंभाजींनी नगरला जाऊन धर्माधिकारींना गाठलं, सरकार वर अपील करणार का विचारायला. त्यांनी प्रस्ताव पाठवला होता. तो परत आला होता, पुरेसा पुरावा नाही असा शेरा मारून. "चहा घेता का?" धर्माधिकारी म्हणाले. दोघांनी चहा घेतला.

मच्छिंद्र सुटून आला त्याला काही दिवस झाल्यावर एका सकाळी तो दवाखान्यात दिसला. शेळी घेऊन आला होता. तिचं पोट फुगून नगाऱ्यासारखं झालं होतं. रांगेत त्याच्या पुढं दोघं होते, पण रंभाजींनी शेळी बघितली आणि त्याला आधी घेतलं. त्यांनी तेल पाजलं, शेळीचे पुढचे पाय उंच धरायला लावले आणि डाव्या कुशीवर चोळत राहिले. मच्छिंद्र वाळला होता. केस बारीक कापलेले.

"ओला घास जास्त खाल्लाय," रंभाजी म्हणाले. "उतरेल."

"उतरू द्या. इकायची हाय. दिवाळी झाली की टोळीबरुबर राहुरीकडं चाललो, ऊस तोडाया. उचल घेतली."

"एजन्सीत नाही घेतलं?"

"शेठ म्हनला, चोरीचा शिक्का बसलेला मानूस कसा ठिवू."

शेळीनं मान झटकली. रंभाजी चोळत राहिले.

"डॉक्टर," मच्छिंद्र हलक्या आवाजात म्हणाला, "आता म्या बोललो तर? कोर्टात. कदीपासून पाटवायचा, कुटं कुटं पाटवायचा, समदं सांगतो. आता मला काय, जायचं ते गेलंच की."

रंभाजींनी त्याच्याकडं पाहिलं नाही. "आता नाही चालत ते."

"का?"

"ज्याला कोर्टानं सोडलं त्याच्यावर तोच खटला परत चालवता येत नाही. अपीलपण झालं नाही. मी जाऊन विचारून आलोय."

"म्हंजी म्या जल्मभर बोललो तरी काय न्हाई?"

"कोर्टात काही नाही."

मच्छिंद्रनं शेळीचा पाय दुसऱ्या हातात धरला. "सायेबानं इचारलं तवा आलतं तोंडात. पार आलतं. मग वाटलं, घर तरी चालंल." त्यानं मोकळ्या हातानं शेळीची मान थोपटली. "तुमी बोलला तवा मला तुमचा लई राग आलता. अजून हाय थोडा."

"असू दे," रंभाजी म्हणाले.

शेळीच्या तोंडातून हवा सुटली. पोट हाताला जरा सैल लागलं. रंभाजींनी तिला खाली उभं केलं आणि सांगितलं, संध्याकाळपर्यंत चारा देऊ नको, सावलीत बांध, फिरवत राहा. मच्छिंद्रनं मान हलवली. दोरी हाताला गुंडाळून तो निघाला. शेळी दोन पावलं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची, आणि तोही तिच्याबरोबर थांबायचा. फाटकापर्यंत जायला त्यांना वेळ लागला.

बाहेर लोक खोळंबले होते. एक म्हातारी म्हशीच्या खुराकडं बोट दाखवून कधीची काहीतरी सांगत होती. रंभाजींनी तिला हाक मारली.